ट्रम्पेटचे व्हॉल्व्ह: आधी पुसणं, मग तेल

ट्रम्पेट शिकायला लागल्यावर पहिल्या काही आठवड्यांतच बहुतेकांची एक तक्रार सुरू होते: व्हॉल्व्ह चिकटतो. बोट उचललं तरी पिस्टन, म्हणजे आत वरखाली सरकणारा दट्ट्या, वर येत नाही, किंवा येतो पण रेंगाळत येतो, आणि तोवर पुढचा सूर निघून गेलेला असतो. मग बाटली काढून तेलावर तेल घातलं जातं. थोडा वेळ बरं चालतं आणि पुन्हा तेच.

याचं कारण साधं आहे. तेल घाण काढत नाही. आत साचलेल्या कीटावर तेल घातलं की ते कीट सैल होऊन सगळीकडे पसरतं आणि तेल उडून गेलं की पिस्टनभोवती पुन्हा घट्ट बसतं. म्हणून तेल कसं घालायचं हे सांगताना इथे पुसण्याबद्दल बरंच लिहिलं आहे. नवशिक्याने एवढी एक सवय लावून घेतली, तर चिकटणाऱ्या व्हॉल्व्हची बहुतेक दुखणी घरच्या घरी संपतात.

आत काय चालतं

व्हॉल्व्ह येण्याआधी ट्रम्पेटवर नळीच्या लांबीतून निघणारे नैसर्गिक स्वरच तेवढे वाजायचे. १८१८ मध्ये हाइनरिश श्टोल्त्सेल आणि फ्रीडरिश ब्ल्यूमेल यांनी प्रशियात व्हॉल्व्हचं पेटंट घेतलं. पुढे १८३९ च्या सुमारास पॅरिसमधल्या फ्रान्स्वा पेरिने यांनी पिस्टन व्हॉल्व्हची जी रचना केली, तीच थोड्याफार फरकाने आजच्या ट्रम्पेटमध्ये आहे.

रचना अशी: पितळेचं एक उभं नळकांडं, म्हणजे केसिंग, आणि त्यात वरखाली सरकणारा पिस्टन. पिस्टनला आरपार भोकं असतात. पिस्टन वर असताना हवा सरळ पुढे जाते. तो दाबला की दुसरी भोकं समोर येतात आणि हवेला त्या व्हॉल्व्हच्या जादा नळीतून फिरून यावं लागतं. मधला व्हॉल्व्ह दाबला की सूर अर्ध्या स्वराने उतरतो, पहिला दाबला की एका स्वराने, तिसरा दाबला की दीड स्वराने.

पिस्टन आणि केसिंग यांच्यामधली फट मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत मोजावी लागते. ती माणसाच्या केसाच्या जाडीपेक्षाही कमी असते. एवढ्या फटीत तेलाला दोन कामं करायची असतात. एक, धातूवर धातू घासू न देणं. दुसरं काम नवशिक्यांच्या लक्षात येत नाही, पण तेही तितकंच मोलाचं आहे: फट भरून काढणं, म्हणजे हवा पिस्टनच्या कडेने निसटणार नाही. कोरड्या व्हॉल्व्हवर वाजवलं की सूर पोकळ लागतो आणि वरचे स्वर काढायला उगाच जोर करावा लागतो. दोष ओठांचा नसतो, हवा गळत असते.

याच फटीमुळे घाणही लगेच जाणवते. फुंकताना श्वासातली वाफ थंड नळीत पाणी होऊन साचते, त्यात थुंकी मिसळते, आणि खाऊन लगेच वाजवायला बसलं तर अन्नाचे बारीक कणही आत जातात. हे सगळं जुन्या तेलात मिसळून जो करडा, हिरवट काळा थर तयार होतो, तेच ते कीट. पितळ ओलं राहिलं की कळकतंही, आणि तो हिरवा कळंक पिस्टनच्या भोकांच्या कडेला आधी दिसू लागतो.

पिस्टन कशाचा आहे यावरही थोडं अवलंबून असतं. बऱ्याच वाद्यांत तो मोनेलचा, म्हणजे निकेल आणि तांब्याच्या मिश्रधातूचा असतो. काहींत स्टेनलेस स्टीलचा, तर काहींत निकेलचा मुलामा दिलेला असतो. मोनेल गंजाला चांगलं तोंड देतो आणि खूप टिकतो. निकेलचा मुलामा गुळगुळीत चालतो, पण वर्षानुवर्षांच्या वापराने जागोजागी उडतो. निगा मात्र तिन्हींची सारखीच.

तेल कोणतं घ्यावं

व्हॉल्व्हचं तेल म्हणून विकलं जाणारं तेलच घ्या. शिलाई मशीनचं तेल, स्वयंपाकाचं तेल, केसांचं तेल, गंज सोडवायचा स्प्रे यांतलं काहीही पिस्टनवर चालत नाही. काही फार जाड असतात, काही थोड्याच दिवसांत चिकट होतात, आणि तो चिकटपणा काढायला नंतर सगळं वाद्य धुवावं लागतं.

बाजारात दोन जातींची तेलं मिळतात. खनिज तेलापासून केलेलं तेल पातळ आणि स्वस्त असतं, पिस्टन झटकन हलतो, पण ते लवकर उडून जातं, म्हणून रोज घालावं लागतं. सिंथेटिक तेल सावकाश उडतं, जास्त दिवस टिकतं आणि धातूला गंजापासून जरा अधिक जपतं. नवशिक्याला मी सिंथेटिक सुचवेन, कारण एखादा दिवस तेल घालायला विसरलात तरी पिस्टन अगदी कोरडा पडत नाही. अल कॅसचं ‘फास्ट’ हे जुनं नावाजलेलं तेल आजही पुष्कळ वादक वापरतात आणि त्यात काही वावगं नाही. ज्याला जे मानवेल ते.

जातीपेक्षा दाटपणा नीट पारखून घ्या. यामाहाच्या तेलांत लाइट, रेग्युलर आणि व्हिंटेज असे प्रकार आहेत, हेटमनच्या पिस्टन तेलांवर १, २, ३ असे आकडे असतात, आणि दोन्हीकडे हिशेब एकच: नव्या, घट्ट व्हॉल्व्हला पातळ तेल, रोजच्या वापरातल्या वाद्याला मध्यम, आणि झिजून फट वाढलेल्या जुन्या वाद्याला दाट. जुन्या ट्रम्पेटमध्ये पातळ तेल घातलं तर ते फट भरू शकत नाही आणि हवा गळतच राहते. नव्या ट्रम्पेटमध्ये दाट तेल घातलं तर पिस्टन जड होतो. शंका असेल तर मध्यमपासून सुरुवात करा.

तेल बदलायचं असेल तर आधीचं पूर्ण पुसून, शक्य झाल्यास वाद्य धुऊन मग नवं घाला. दोन जातींची तेलं एकमेकांत मिसळली की कधी कधी गोंदासारखा चिकटा तयार होतो, आणि तो नेमका कोणत्या तेलाचा हे मग सांगता येत नाही.

बाटली लहान मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवा. हे तेल पोटात जाणं धोक्याचं असतं, आणि ठसका लागून फुफ्फुसात गेलं तर अधिकच.

तेल घालण्याची रीत

हात धुऊन बसा. माउथपीस काढून बाजूला ठेवा. ट्रम्पेट मांडीवर किंवा टॉवेल अंथरलेल्या टेबलावर घ्या. टॉवेल हवाच, कारण पिस्टन हातातून सुटून कडक फरशीवर पडला तर त्याला पोचा पडतो, आणि पोचा पडलेला पिस्टन केसिंगमध्ये पुन्हा नीट जात नाही. एका वेळी एकच व्हॉल्व्ह उघडा. तिन्ही एकदम काढले की अदलाबदल होते.

१. व्हॉल्व्हचं वरचं टोपण बोटांनी फिरवून सोडवा. बोट ठेवायचं बटण वेगळं आणि केसिंगवर आट्यांनी बसलेलं टोपण वेगळं. बटण फिरवलं तर ते दांड्यावरून सुटून येतं, टोपण तिथेच राहतं. खालचं टोपण या वेळी सोडवायचं नाही.

२. टोपण सुटलं की बटण धरून पिस्टन सरळ वर ओढा. तिरका ओढू नका आणि ओढताना फिरवू नका. तो पूर्ण बाहेर काढण्याआधी अर्ध्यावर थांबून दोन गोष्टी पाहून घ्या: पिस्टनवर कोरलेला आकडा कोणत्या बाजूला आहे, आणि गाइड कुठे आहे. गाइड म्हणजे पिस्टनच्या वरच्या भागातून बाजूला डोकावणारा प्लास्टिकचा किंवा धातूचा छोटा कान. तो केसिंगच्या आतल्या खाचेत बसतो आणि पिस्टनला गोल फिरू देत नाही. पुष्कळ ट्रम्पेटवर आकडा वाजवणाऱ्याच्या बाजूला येतो, सगळ्यांवर नाही. म्हणून आपल्या वाद्यात तो कुठे येतो ते एकदा मोबाइलवर फोटो काढून ठेवणं चांगलं.

३. पिस्टन बाहेर काढून खालचा गुळगुळीत, भोकांचा भाग पुसा. कापड धागे न सोडणारं हवं, जुना मऊ सुती बनियन उत्तम. टिश्यू पेपर नको, त्याचे तंतू भोकांत अडकतात. भोकांच्या आतूनही कापडाचं टोक फिरवा. कापड काळं होत असेल तर ते काळं होईनासं होईपर्यंत पुसत राहा. ही पायरी रोज केली नाही तरी चालेल, पण आठवड्यातून एकदा तरी करा.

४. पिस्टनच्या खालच्या गुळगुळीत भागावरच तेल घालायचं असतं. चारी बाजूंनी मिळून तीन-चार थेंब पुरतात. स्प्रिंग आणि फेल्ट (दणका झेलणारी मऊ चकती) असलेल्या वरच्या भागावर तेल लागू देऊ नका. फेल्ट तेलाने फुगतं, मग दडपून चपटं होतं आणि पिस्टन थांबण्याची जागा हलते.

५. आकडा आणि गाइड आधी होते त्याच दिशेला धरून पिस्टन सरळ खाली सोडा. तो आत गेल्यावर बटण हलकेच डावीकडे-उजवीकडे फिरवा. गाइड खाचेत पडला की छोटासा ‘टक्’ जाणवतो आणि पिस्टन फिरेनासा होतो. हा टक् मिळाल्याशिवाय टोपण लावू नका.

६. टोपण लावताना आधी उलट दिशेने जरासं फिरवा. आटे एकमेकांत बसल्याची खूण बोटांना कळली की मग सुलट फिरवून बोटांच्या जोरानेच घट्ट करा. आटे तिरपे चढले तर पितळ मऊ असल्याने ते लगेच कापले जातात, आणि तो दोष कायमचा राहतो.

७. व्हॉल्व्ह दहा-पंधरा वेळा भरभर वरखाली करा. तेल पसरतं ते या हालचालीने. पिस्टन आत गोल गोल फिरवून तेल पसरवण्याची काहींची सवय असते, ती टाळा. भोकांच्या कडा उगाच घासतात.

तिन्ही झाल्यावर माउथपीस लावून फुंकून पाहा. हवा अजिबात जात नसेल तर घाबरू नका. एखादा पिस्टन उलटा बसला आहे किंवा दुसऱ्याच्या जागी गेला आहे, एवढंच. पहिला व्हॉल्व्ह म्हणजे वाजवणाऱ्याला सर्वांत जवळचा. काही वाद्यांत गाइडला दोन कान असतात आणि ते कमी-जास्त रुंदीचे असतात, त्यामुळे पिस्टन उलटा बसूच शकत नाही. जिथे दोन्ही कान सारखे असतात तिथे ही चूक सहज होते. हवा कुठे अडते हे शोधायला एकेक टोपण पुन्हा सोडवून आकडा पाहत जा.

खालच्या टोपणाच्या भोकातून तेल सोडण्याची एक जलद पद्धत आहे. घाई असेल तेव्हा ती मोहात पाडते, पण खालच्या टोपणातच सगळं पाणी आणि कीट साचलेलं असतं. तिथून तेल सोडून वाद्य उलटं केलं की ते सगळं धुतलं जाऊन थेट पिस्टनवर येतं. त्यापेक्षा वरून उघडायला लागणारी तीन मिनिटं द्यावीत.

आणखी एक गोष्ट. वरच्या टोपणाखाली स्प्रिंग पिस्टनच्या आतच बसवलेली असते, त्यामुळे बहुतेक ट्रम्पेटमध्ये ती वेगळी पडत नाही. काही जुन्या वाद्यांत मात्र स्प्रिंग पिस्टनखाली असते. तुमचं तसं असेल तर स्प्रिंग जागेवर आहे हे पाहूनच पिस्टन आत सोडा.

किती वेळा

रोज वाजवत असाल तर रोज, वाजवण्याआधी. सिंथेटिक तेल असेल आणि पिस्टन मोकळा चालत असेल तर एक दिवसाआड चालतं. वाजवून झाल्यावर तेल घालणाऱ्यांचं म्हणणं असं की ओल राहिलेल्या पिस्टनला रात्रभर तेलाचं कवच मिळतं. त्यात तथ्य आहे, आणि वाद्य काही दिवस बंद ठेवायचं असेल तेव्हा मीही हेच सांगेन. रोजच्या सरावाला वाजवण्याआधी घातलं तरी पुरे.

नवं कोरं वाद्य असेल तर पहिल्या काही आठवड्यांत रोज तेल घाला, आणि पुसणंही रोज. कारखान्यात पिस्टन आणि केसिंग एकमेकांना घासून बसते केलेले असतात. त्या घासकामाच्या मसाल्याचे आणि धातूच्या भुकटीचे अतिसूक्ष्म कण कधी कधी आत राहून जातात, ते हळूहळू सुटून बाहेर येतात. नवा ट्रम्पेट सुरुवातीला अडखळला म्हणजे वाद्य सदोष आहे असं मानू नका. आधी पुसून, धुऊन, तेल घालून बघा.

वाद्य धुणं

महिना-दोन महिन्यांतून एकदा संपूर्ण वाद्याला अंघोळ घालावी. तास-दीड तास लागतो, म्हणून सुटीच्या दिवशी करा. साप म्हणून ओळखला जाणारा लांब लवचीक ब्रश, केसिंगसाठी जाडसर ब्रश, माउथपीसचा निमुळता ब्रश, भांडी घासायचं सौम्य लिक्विड, दोन-तीन टॉवेल, स्लाइडचं (म्हणजे ओढून बाहेर निघणाऱ्या नळ्यांचं) ग्रीस आणि तेल एवढं जवळ घेऊन बसा.

आधी तिन्ही पिस्टन काढून टॉवेलवर क्रमाने मांडा. मग खालची टोपणं सोडवा, मग सगळ्या स्लाइड. इथे एक नियम कायम लक्षात ठेवा: कोणत्याही व्हॉल्व्हची स्लाइड ओढताना तो व्हॉल्व्ह दाबून धरायचा. न दाबता ओढली की आत निर्वात पोकळी तयार होते आणि स्लाइड सुटताना फट्‌कन आवाज येतो. असा झटका वारंवार बसणं स्लाइडला आणि पिस्टनवरच्या तेलाच्या थराला चांगलं नाही. पिस्टन आधीच काढलेले असतील तर हा प्रश्नच येत नाही.

टबच्या तळाला टॉवेल अंथरून कोमट पाणी भरा. हात आरामात बुडवता येईल इतकंच कोमट. गरम पाण्याने लॅकर, म्हणजे पितळेवरचा पारदर्शक लेप, सुटू लागतं, आणि एकदा सुटलेलं लॅकर घरी परत लावता येत नाही. लिक्विडचे काही थेंब टाकून वाद्याचं धड आणि स्लाइड पाण्यात ठेवा. दहा-पंधरा मिनिटांनी लवचीक ब्रश नळ्यांतून फिरवा. वळणावर अडला तर जोर करू नका, दुसऱ्या टोकाकडून घाला. लीडपाइप, म्हणजे माउथपीसनंतरची पहिली सरळ नळी, इथे सगळ्यांत जास्त मळ असतो. तिच्यावर थोडा अधिक वेळ घालवा. त्या नळीच्या बाहेरून गुलाबीसर ठिपके दिसत असतील तर पितळातलं जस्त आतून खाल्लं जातंय असं समजा. ते थांबवता येत नाही, पण आतला मळ वेळच्या वेळी काढला तर ते सुरू व्हायलाच उशीर होतो.

पिस्टन टबात टाकायचे नाहीत. हातात धरून फक्त खालचा भाग धुवा, फेल्ट भिजू देऊ नका. प्रत्येक भोकातून मऊ ब्रश फिरवा. केसिंग आतून ब्रशने घासल्यावर सफाईच्या दांडीला कापड असं गुंडाळा की धातूचं टोक कुठेही उघडं राहणार नाही, आणि मग केसिंगमधून ते फिरवा. दांडीच्या टोकाने केसिंगला पडलेला एक चरा पिस्टन पुढे वर्षानुवर्षं अडवत राहतो. आट्यांच्या खाचांत आणि खालच्या टोपणांच्या कोपऱ्यांत जुनं कीट दडून बसतं, तिथे जुना टूथब्रश कामाला येतो.

आत पॉलिश, घासणी, पॉलिश पेपर काहीही वापरू नका. पिस्टन चमकायला हवा असं नाही. त्यावर फिकट डाग राहिले आणि बोटाला ते लागत नसतील तर राहू द्या. हे कटाक्षाने पाळा, कारण घासून काढलेला धातू परत येत नाही, फट मात्र कायमची वाढते.

स्वच्छ पाण्याने भरपूर विसळा. साबण राहिला तर तोही चिकटा करतो. सगळं पुसून थोडा वेळ हवेवर ठेवा. मग केसिंगमधून उजेडाकडे बघा: भिंत सगळीकडे सारखी लख्ख दिसली पाहिजे.

जोडताना स्लाइड आधी, व्हॉल्व्ह शेवटी. मुख्य ट्यूनिंग स्लाइडला आणि मधल्या व्हॉल्व्हच्या स्लाइडला ग्रीसचा पातळ थर लावा. पहिल्या आणि तिसऱ्या व्हॉल्व्हची स्लाइड वाजवताना बोटाने सरकवावी लागते, म्हणून तिला पातळ स्लाइड तेल किंवा अगदी थोडं ग्रीस आणि त्यावर थेंबभर तेल. स्लाइड आत ढकलल्यावर बाहेर आलेलं ग्रीस लगेच पुसून टाका. आतल्या बाजूला जास्तीचं ग्रीस राहिलं तर ते व्हॉल्व्हच्या तेलात विरघळतं, पिस्टनपर्यंत पोचतं आणि सफाई केल्यावर दोनच दिवसांत पिस्टन पुन्हा जड होतो. खालची टोपणं लावून झाली की वर सांगितल्याप्रमाणे पिस्टनला तेल. या वेळी दोन थेंब जास्त घाला, कारण केसिंग पूर्ण कोरडं झालेलं असतं.

तरीही चिकटत असेल तर

पुसून, धुऊन, तेल घालूनही पिस्टन अडत असेल तर तो कुठे आणि कधी अडतो हे नीट बघा. त्यातच बरंचसं उत्तर असतं.

आधी स्वतःचं बोट तपासा. बटणाच्या मधोमध बोटाचं टोक ठेवून सरळ खाली दाबलं तर पिस्टन मोकळा जातो, आणि बोट सपाट ठेवून पेराने दाबलं तर अडतो, असं असेल तर दोष हाताच्या ठेवणीचा. तिरका जोर बसला की पिस्टन एका बाजूने केसिंगला घासतो. करंगळी हुकमध्ये अडकवून वाद्याचं वजन तिच्यावर टाकलं की बाकीची बोटं तिरपी होतात. अनामिका मुळातच कमकुवत, म्हणून तिसऱ्या व्हॉल्व्हवर हे सर्वांत आधी दिसतं.

पिस्टन सगळ्या प्रवासात सारखाच जड जात असेल तर कीट किंवा तेलाचा दाटपणा. पुन्हा पुसा, पातळ तेल करून पाहा. एका ठरावीक खोलीवरच अडत असेल तर पोचा, चरा किंवा कडेला उठलेली धातूची बारीक धार असण्याची शक्यता मोठी. यात मधला व्हॉल्व्ह विशेष नाजूक असतो. त्याची छोटी स्लाइड बाहेर आडवी आलेली असते, तिला दारावर किंवा खुर्चीवर हलकासा धक्का बसला तरी तो थेट केसिंगपर्यंत पोचतो आणि केसिंग आत दबतं. बाहेरून काहीच दिसत नाही, पण पिस्टन मात्र अडतो. मधलाच व्हॉल्व्ह अचानक, एका दिवसात बिघडला असेल तर आधी हीच शंका घ्या.

खाली नीट जातो पण वर यायला रेंगाळतो, तर स्प्रिंग पाहा. तिन्ही स्प्रिंगा काढून टेबलावर शेजारी शेजारी उभ्या केल्या की एखादी बसकी झालेली लगेच कळते. ओढून लांब करण्याचा उपाय फार काळ टिकत नाही आणि स्प्रिंग वाकडी झाली तर ती पिस्टनला आतून घासते. तिन्ही एकदम नव्या बसवणं बरं, म्हणजे बोटांना तिन्हींचा ताण सारखा लागतो.

खटखट आवाज येत असेल तर फेल्ट झिजलं. दाबताना आवाज आला तर बटणाखालचं, सोडताना आला तर टोपणाच्या आतलं. फेल्ट चपटं झालं की पिस्टन ठरल्या जागेच्या किंचित खाली किंवा वर थांबतो, भोकं नळ्यांसमोर नेमकी येत नाहीत आणि सूर कोंडल्यासारखा होतो. नवं फेल्ट जुन्याच जाडीचं घ्या. आवाज बारीक आणि टिकटिकीत असेल तर फेल्ट बदलण्याआधी बटण आणि त्याखालचा दांडा सैल तर नाही ना, ते पाहा. बोटांनी घट्ट केलं की बऱ्याचदा तेवढ्यावर भागतं.

हवा गळते का हे पाहायचं असेल तर तेल घातल्यावर पहिली स्लाइड व्हॉल्व्ह न दाबता सावकाश बोटभर बाहेर ओढा, दोन-तीन सेकंद थांबा आणि मग व्हॉल्व्ह दाबा. पॉप असा आवाज आला तर पोकळी टिकली, म्हणजे पिस्टन घट्ट आहे. आवाज आलाच नाही तर हवा कुठून तरी आत शिरली. दाट तेल घालून पुन्हा करून बघा. ही परीक्षा अधूनमधूनच करायची, सवय म्हणून नाही.

रोजची छोटी निगा

वाजवण्याआधी दात घासा, निदान खळखळून चूळ भरा. गोड पेय पिऊन लगेच वाजवू नका. साखरेचं पाणी व्हॉल्व्हमध्ये वाळलं की दुसऱ्या दिवशी पिस्टन जागचा हलत नाही. वाजवून झाल्यावर वॉटर की (नळीतलं पाणी काढायची छोटी कळ) उघडून, तिन्ही व्हॉल्व्ह आळीपाळीने दाबत फुंकर मारून पाणी काढा. मधल्या व्हॉल्व्हच्या स्लाइडला सहसा वॉटर की नसते, म्हणून तीही व्हॉल्व्ह दाबून काढून झटका. माउथपीस काढून ठेवा. तो वाद्यातच ठेवून वाद्य पेटीत घातलं आणि कुठे दणका बसला तर तो घट्ट रुतून बसतो. रुतलाच तर पक्कड लावू नका. त्यासाठी वेगळं ओढण्याचं साधन असतं, ते वाद्यदुरुस्ती करणाऱ्याकडे मिळतं.

वाद्य काही आठवडे बंद राहणार असेल तर पुसून, नेहमीपेक्षा थोडं जास्त तेल घालून ठेवा, आणि अधूनमधून पेटी उघडून व्हॉल्व्ह दहा-वीस वेळा दाबा. बंद पेटीत कोरडा राहिलेला पिस्टन केसिंगला धरून बसतो. अशा वेळी वरून ओढून किंवा खालून काठीने ठोकून तो काढू नका. वरचं टोपण सोडवून कडेने तेल सोडा, काही तास थांबा, मग हलक्या हाताने हलवून पाहा. नाहीच निघाला तर दुरुस्तीला द्या.

दुरुस्तीला वर्षातून एकदा तरी वाद्य द्यावंच. घरच्या ब्रशने न निघणारा पांढरा क्षार तिथे रसायनाने किंवा अल्ट्रासॉनिक टाकीत निघतो, फेल्टची जाडी आणि भोकांची जुळणी तपासली जाते. देताना नुसतं ‘व्हॉल्व्ह चिकटतो’ एवढंच सांगू नका. कोणता व्हॉल्व्ह, दाबताना की सोडताना, सुरुवातीपासून की वाजवून वाद्य तापल्यावर, कोणतं तेल वापरता आणि शेवटचं कधी धुतलं, हे कागदावर लिहून पेटीत ठेवा.